डुकरं ओरडेनाशी झाली

केर्वेन, ब्रिटनी
१२ डिसेंबर १९७१

प्रिय ताई,

तुला नमस्कार, पोरांना गोड पापे. पॅरिसला कडाका पडला असेल. इथं नुसता चिखल, आणि घरोघरी डुक्कर मारायचे दिवस. म्हणजे आमचा गुल्वेन सुरी घेऊन या अंगणातून त्या अंगणात. सोबत रक्ताची सॉसेजं पाठवते आहे. यंदा कांदा जास्त झालाय, नावं ठेवू नकोस.

त्याची तब्येत विचारलीस. चांगली आहे. म्हणजे तोच तसं म्हणतो.

तीन वर्षांपूर्वी तुमच्या पॅरिसच्या हॉस्पिटलात त्याच्या हृदयात डुकराची झडप बसवली, तेव्हा गावानं काय कमी टिंगल केली? "गुल्वेन, सुरी चालवण्याआधी घरच्यांना विचारलंस का रे?" तोही हसायचा. पण परतल्यावर पहिल्याच अंगणात जे झालं, ते मी तुला कधी लिहिलं नाही. डुक्कर ओरडलंच नाही. आपणहून आलं आणि खाली वाकलेल्या गुल्वेनच्या छातीला कान लावून उभं राहिलं. दोर धरलेली माणसं बघतच राहिली. मग प्रत्येक अंगणात तेच. पुरुष खूश, काम सोपं झालं. बायका मात्र छातीवर क्रूस काढायच्या. गुल्वेन घरी येऊन हात धूत बसायचा. मला त्याची भीती वाटायची, ताई. माझ्या नवऱ्याची.

परवा मात्र तो शीळ घालत आला. "आनाइग, आज काय बोंबललं गं डुक्कर! सगळ्यांना मिळून धरवेना. अगदी पूर्वीसारखं! सुटलो एकदाचा." सफरचंदाची दारू प्यायला, मलाही पाजली. मीही हसले. मग जिना चढताना तो मध्येच कठडा धरून खाली बसला. ओठ निळे.

"काय झालं?"

"काही नाही. बूट घट्ट आहेत."

डॉक्टर तुझ्यासमोरच म्हणाले होते ना, ही झडप किती टिकेल सांगता येत नाही, काही वर्षांत कडक होऊन निकामी होऊ शकते? पॅरिसला जाऊ म्हटलं तर हा माझ्यावरच डाफरतो. "डुकरं मला परत घाबरायला लागली, म्हणजे मी बरा झालो. एवढंही कळत नाही तुला?"

मला उलटंच कळतं. डुकरांना त्याच्या छातीत आपलं कुणीतरी ऐकू येत होतं. आता येत नाही.

आमची म्हातारी डुकरीण खुराड्यात कायम चुलीमागच्या भिंतीला चिकटून झोपायची, कारण भिंतीपलीकडे घरात गुल्वेनची खुर्ची. काल ती उठून खुराड्याच्या पार टोकाला जाऊन पडली. मी तिला कान धरून ओढत भिंतीशी आणलं. "ऐक ना गं, नीट ऐक," म्हटलं. तिनं ऐकलं. आणि परत उठून गेली.

आजच्या आज त्या डॉक्टरांना गाठ. त्यांच्या नावानं गुल्वेनला तार कर, 'ताबडतोब या' म्हणून. माझं तो ऐकणार नाही, त्यांचं ऐकेल. आणि दुसरी झडपही डुकराचीच बसवणार असतील, तर बसवू देत. त्याच्या आत कुणीही राहो, ताई, मला तो हवाय.

तुझ्या तारेकडे डोळे लावून बसलेली,
आनाइग