पेट्यांची खोली

माय, तू होतीस तेव्हा आपल्या डोंगरकडा गावच्या घरात लाइटसुद्धा धड नसायची, त्यामुळं मी सध्या काय करून राहिलो हे तुला सांगणं जरा अवघडच. कम्प्युटरवर ठोकळ्यांचा एक खेळ आहे. ठोकळे फोडून लाकूड, दगड, लोखंड, बियाणं गोळा करायचं आणि घर बांधायचं. तुझी नात, तू पाहिली नाहीस ती, पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिनंच मला तो लावून दिला. दर रविवारी दुपारी ती तिथून, मी हिंगोलीतून, आम्ही त्या खेळातल्या एकाच गावात हिंडतो. कानाला फोन असतो. तुझी सून गेल्यापासून या घरात बोलणं होतं ते तेवढंच.

सामान वाढलं तशा पेट्या वाढल्या, आणि काही म्हणता काही सापडेना. म्हणलं, कोठीची खोलीच बांधू. नट-बोल्टच्या धंद्यात माझी हयात गेली. आधी मालकाकडं, मग स्वतःच्या दुकानात. गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत माझा हात बराबर खणात जातो. पण बांधायला बसलो आणि आठवली तुझी उतरंड. बियाण्याचं मडकं सगळ्यांत खाली, तोंड शेणमातीनं लिंपलेलं. मीही बियाण्याच्या पेट्या खाली ठेवल्या आणि वर दगड बसवले. रविवारी लेक खेळात आली, बराच वेळ झटली. "बाबा, वर दगड काहून ठेवला? पेटी उघडतच नाही ना." म्हणलं, "उंदीर लागू नयेत म्हणून." "बाबा, इथं उंदीर नसतात." मग ती इतकी हसली, की मागं तिच्या कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या तरी उठली नाही.

दगड काढले. मग आठवडाभर खपून पेटीपेटीवर पाटी लावली. लाकूड या भिंतीला, धातू त्या भिंतीला. पुढच्या रविवारी ती म्हणाली, "वा बाबा, एक नंबर." कोळसा घेतला, लोकर घेतली, काही विचारायची गरजच पडली नाही. पूर्वी कोळसा हुडकता हुडकता तिच्या साहेबाच्या तक्रारी निघायच्या, पाठदुखी निघायची. माझे कान तिखट. तिचं "हं" आखूड झालं की मला कळतं. "चला बाबा, ठेवू का?" ती गेल्यावर मी त्या खोलीत उभाच होतो. बाहेर खेळातली मेंढरं ओरडत होती.

माय, तू अंधारात मडक्यावर टिचकी मारून आत काय आहे ते सांगायचीस. मग मी हिंगोलीला परत निघालो, की तिळाचं मडकं तेवढं तुला कसं गवसायचं नाही? एकेक उतरवत जायचीस आणि मधीच, "येळेवर जेवतो का रं? खोकला गेला का?" मी दारात, एसटीच्या घाईत. "राहू दे ना माय." "थांब रे लेकरा, हितंच कुठंतरी हाय."

हे तुला पोचायचं नाही, म्हणून सांगतो. आज दुपारी मी कोळसा लोकरीत टाकला, लोखंड बियाण्यात, पाट्या काढून टाकल्या. उद्या रविवार. काय कुठं आहे ते मला तोंडपाठ आहे. तिनं विचारलं, तर ठाऊक न्हाई म्हणणार आहे.