डोळा सपाट राहतो

३ मार्च, सोमवार
पोहोचलो एकदाचा! मासळीच्या कारखान्याच्या वरच्याच मजल्यावर खोली मिळालीय. जाड गादी, मोठी खिडकी आणि चक्क गरम पाण्याचा नळ. आठ महिने घरी रिकामा होतो. निघताना बायको म्हणाली, माशा मारत बसण्यापेक्षा मासे मारा. तिच्या जिभेला हाड नाही, पण निरोप देताना डोळे तिनेच पुसले. शुक्रवारी भेटायला येणार आहे.

मुकादम दिलदार वाटला. स्वतः हातमोजे चढवून त्याने काम शिकवलं. जिवंत मासे औषधाच्या टाकीत येतात, मिनिटभर तडफडतात आणि लाकडासारखे ताठ होतात. मी एकेकाची शेपूट चिमटायची. हलला तर परत टाकीत, नाही हलला तर पट्ट्यावरून पुढे, सुऱ्यांकडे. हलला नाही की झोपला, हे मुकादमाचं सूत्र. दुपारपर्यंत माझा हात बसलासुद्धा.

६ मार्च
आज जेवायला समोर माशांची डॉक्टरीण बसली होती, इथल्या प्रयोगशाळेतली. मी आपलं सहज विचारलं, माशाला दुखतं का हो? तिने घास खाली ठेवला. म्हणाली, दुखतं. ओठाला आम्ल लागलं तर मासा अन्न सोडतो, ओठ खडीवर घासत राहतो. दुखणं थांबवायचं औषध दिलं की घासणं थांबतं. आणि आपल्या टाकीतलं औषध झोपवत नाही, नुसतं आखडवतं. जागा आहे का बघायचं तर मासा हातात धरून तिरका करायचा. बेशुद्ध असेल तर डोळा अंगाबरोबर फिरतो. जागा असेल तर अंग तिरकं होतं, डोळा मात्र सपाट राहतो.

तिने हे तीनदा वरिष्ठांना लिहून कळवलं. आता तिची बदली झालीय, उद्या निघतेय.

७ मार्च
पहिलाच मासा तिरका केला. डोळा सपाट. सोळा पाहिले. सोळाच्या सोळा जागे.

मुकादमाला सांगितलं. तो चिडला नाही. म्हणाला, एकेकाचे डोळे बघत बसलास तर पट्टा थांबेल, आणि तुला अजून नोकरीत कायम व्हायचंय. मी परत पट्ट्यापाशी गेलो. दुपारी बायको आली, तिला काही बोललो नाही. त्यानंतर सुटी होईपर्यंत शेकडो मासे पुढे ढकलले, एकाचाही डोळा न बघता. माझी मलाच लाज वाटते.

११ मार्च
डाव्या हातमोज्याला चीर पडलीय. कधी पडली देव जाणे. बोटं वाकत नाहीत. मुकादम म्हणतो, नवीन माणसाला गारठा बाधतोच. पण गारठ्याने असं दुखत नाही. हाडात कुणी सुया फिरवतंय.

१३ मार्च
कारखान्याच्या दवाखान्यात. डावा हात कोपरापर्यंत लाकूड, बोटं काळी. मोजा फाटला, औषध अंगात गेलं, हे सांगायला गेलो — जीभ जड. निम्मे शब्द तोंडातच राहिले. नर्सबाई म्हणाल्या, बोलू नका, पडून राहा.

१४ मार्च, शुक्रवार
सकाळी काही हलेना. पापणीसुद्धा नाही. डॉक्टरने तळपायात टाचणी खुपसली. ओरडलो — आतल्या आत. त्याने बाईंना लिहून घ्यायला सांगितलं, रुग्णाला काही जाणवत नाही.

डावा हात आजच कापणार. भुलीशिवाय. भूल हृदयाला झेपणार नाही आणि तशी गरजही नाही, म्हणाला.

डोळे कोरडे पडू नयेत म्हणून बाईंनी पट्टी बांधली.

मग मुकादमाबरोबर बायको आली. कपाळावर तिचा हात. विचारलं, यांना त्रास होतोय का? मुकादम म्हणाला, नाही वहिनी, शांत झोपलाय.

तिला पटलं. बाहेर बसलीय —

उजव्या हाताची दोन बोटं आत्ता सुटलीत. वही-पेन्सिल चादरीखाली होती. न बघता लिहितोय. ट्रॉलीचा आवाज — जवळ — बोटं पुन्हा आखड—

बाई, बायकोला बोलवा. पट्टी सोडा. हललो नाही तरी सोडा — मान तिरकी करा — डोळा ब