निळ्या झाकणाचा डबा

माऊ,

दुकानात गणवेश आजच द्यायचेत, म्हणून लवकर निघालो. रुसून नाही.

कालचं चिकन उरलं होतं. हाडं काढून बारीक केलं, घट्ट दह्यात मिरपूड घालून कालवलं आणि ब्रेडमध्ये भरलं. काकडी वेगळ्या पुडीत आहे, ती खाताना घाल, नाहीतर सगळ्याचा लगदा होईल. दही आहे, तेव्हा बसमध्ये बसल्या बसल्या खाऊन टाक.

निळ्या झाकणाचाच डबा ने. हिरव्यात माझी बटणं आहेत. मागच्या परीक्षेला तू तोच उचललास आणि मी दिवसभर हात चोळत बसलो.

कोटाची बाही सैल होती, उसवून नीट बसवलीय. आजच्या मुलाखतीत तू बाजी मारणारच, मला शंका नाही.

डबा जड लागेल, कारण सँडविच चार आहेत. दोन तुझी. स्टँडवर जो रोज तुझ्यासाठी थांबतो, त्याच्या शर्टाचं वरचं बटण महिनाभर तुटलेलं आहे. तसंच एक शोधून सुईदोऱ्यासकट काकडीच्या पुडीशेजारी ठेवलंय.

तू लावून देऊ नकोस. त्याचं त्याला लावू दे, मला टाका बघायचाय.

बाबा