कोरड्या बोरचं पान

तीर्थरूप जयमाला मावशी,

हर्षलचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता बरा असेल ना? (मनापासून विचारून राहिलो आहे, पत्राच्या सुरुवातीला विचारावं लागतं म्हणून नाही.) मी ठीक आहे, नुसता थकलो आहे. बसल्या जागी माणूस इतका थकतो, हे पुस्तक लिहायला घेतल्यावर समजलं.

तू म्हणाली होतीस, "कॉलेज सोडलं, मोटर रिवाइंडिंगचं काम सोडलं. एक तरी गोष्ट पुरी कर, मंगच माह्या घरात पाय ठेव." म्हणून काकांवरचं पुस्तक दीड वर्ष झालं तरी मी सोडलेलं नाही. तळहातावर नारळ घेऊन शेतभर फिरणारे, नारळ उभा झाला की इथं खोदा म्हणणारे आपले शेषराव पाणाडी, आणि त्यांनी दाखवलेले बोर. सगळं खरं, पण गोष्टीसारखं वाचता यावं असं. सोपं वाटलं होतं.

पहिलं प्रकरण अमडापूरला माणिकरावांना वाचून दाखवलं, तिथंच चुकलं. त्यांच्या बोरची जागा काकांनीच दाखवलेली. ऐकून ते म्हणाले की थोरले भाऊ हयात असताना माझं एकट्याचंच नाव बरं दिसत नाही. मी भावाचं घातलं. मग भावकी जमली. लग्नपत्रिकेत असतात तशी मानानं नावं लावा म्हणे, जावई बाहेरगावचे असले तरी वर घ्या म्हणे. मी लिहीत गेलो. (चहा चांगला होता, अन् नाही म्हणायला मी कधी शिकलो?) शेवटी चिल्यापिल्यांची नावं खाली घातली तेव्हा कुठं मला उठू दिलं. प्रकरणात एकेचाळीस माणसं झाली आणि पाणी लागायचंच राहिलं.

मग सोनाळ्याला गेलो, दोन दिवसांसाठी. तिथं काकांनी दाखवलेला एक बोर कोरडा गेल्याचं ऐकलं होतं. पण संत्र्याची तोड चालू होती, ट्रकवर माणूस कमी होता, मी चढलो आणि तीन आठवडे गेले. (ट्रकचा ड्रायव्हर राजकुमार हे एक वेगळंच पुस्तक आहे. ते आत्ता नाही, मला माहीत आहे.) शेवटी त्या बोरचा मालक भेटला. चारशे फुटांपर्यंत नुसती धूळ कशी उडाली ते त्यानं रंगवून सांगितलं, आणि मी वही काढल्याबरोबर माझा हात धरला.

"लिहू नको बे. पोरासाठी पोरगी पाहून राह्यलो. वावरात पाणी नाही म्हटल्यावर कोण देईन?"

असे पाच जण भेटले. पाचांच्याही घरी लग्नाचं पोरगं. म्हणून ते पाच गाळून पुस्तकात आता बत्तीस बोर आणि बत्तिसांनाही पाणी. वाचणाऱ्याला वाटेल बुलडाणा कोकणात आहे. काका कुठंच चुकत नाहीत, म्हणून ते काका वाटतच नाहीत, हातात नारळ दिलेला पुतळा वाटतात. काल सगळं एकदा वाचलं आणि वहीवरच डोकं टेकून पडलो.

तरी पुस्तक जवळपास पुरं झालं असं समज.

तुझा,
हर्षल

ता. क. : जवळपास म्हणजे एक पान सोडून. एक तरी कोरडा बोर खऱ्या नावानिशी पाहिजे, आणि ज्याच्या मालकाघरी लग्नाचं कोणी नाही असा एकच आहे, तुझ्या अन् काकांच्या स्वतःच्या वावरातला. तो कोरडा गेला आणि काकांनी पुन्हा नारळ हातात घेतला नाही, एवढंच मला माहीत आहे. त्या दिवशी घरी येऊन ते तुला काय बोलले, ते तू कोणालाच सांगितलेलं नाहीस. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, लोक अजून म्हणतात त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. तू नको म्हणालीस तर लिहिणार नाही. मग पुस्तकही अपुरंच राहील.

ता. ता. क. : पत्र पोस्टात टाकलेलं नाही, शेजारच्या पूनमवहिनींच्या हाती आत पाठवून राहिलो आहे. सकाळच्या बसनं मेहकरला उतरलो, तुझ्या दारासमोर उभा आहे. पुस्तक पुरं झाल्याशिवाय घरात यायचं नाही, हे लक्षात आहे. फक्त ओटा घरात धरायचा की बाहेर, तेवढं सांग.