तुझ्या हाताचा दोष नव्हता

वाराणसी,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मालविका,

सप्रेम नमस्कार. काकूंचा गुडघा आता कसा आहे? मी अजून शिंदे घाटामागच्या त्याच खोलीत. तू प्रयोगशाळा सोडलीस तेव्हापासून मराठी फक्त रविवारी, आईशी फोनवर. परवा भाजीवाल्याला चुकून "कोथिंबीर द्या" म्हणाले, तर तो बघतच राहिला.

गंगेपलीकडे रामनगरच्या शाळेत शिकवण्यात रमलीस ना? तुला भेटायला दोनदा निघाले. दोन्ही वेळा पुलावरून परतले.

कामाचं सांगते. आपण जिवाणूंत दोन जनुकं घातली होती, एक हिरवं चमकणारं, एक लाल. तुझी हिरवी चमक पेशीपेशीत वेगळी यायची आणि सर म्हणायचे, "आपका हाथ साफ़ नहीं है." दोष हाताचा नव्हता गं. प्रथिनं बनवणारी यंत्रं, रायबोसोम, पेशीत मोजकीच असतात आणि दोन्ही जनुकं त्यांच्यावरच चालतात. लाल वाढवलं की हिरव्याला ती कमी पडतात, आणि कुठल्या पेशीत किती उरतील याचा नेम नाही. लाल काढलं तर तेच हिरवं सगळीकडे जवळपास सारखं. सहा वेळा करून पाहिलं.

हे कळलं तेव्हा सांगायला कोणी नव्हतं. चमक मोजायचं मशीन बंद केलं आणि डबा उघडून जेवले.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं.

सरांनी तुझ्या निकालांवर बोलावलेल्या त्या बैठकीच्या आदल्या आठवड्यात तुझा प्रयोग मीही करून पाहिला होता. माझीही चमक तशीच विस्कटलेली आली. प्रयोगशाळेतली कायमची जागा आपल्यापैकी एकीलाच मिळणार होती. मी माझ्या निकालाची फाइल पुसून टाकली. बैठकीत सरांनी विचारलं, "इरावती, आपका क्या कहना है?" तू माझ्याकडे पाहत होतीस. मी म्हणाले, "हो सकता है, मालविका से नलियाँ बदल गई हों."

तू ॲप्रनची घडी केलीस, "बरं" म्हणालीस आणि गेलीस.

काल सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ये बात दो साल पहले बोलनी थी." या शोधावरच्या लेखात तुझं नाव पहिलं असेल. माझं काय करायचं ते चौकशी समिती ठरवेल.

सोबत तुझ्या वहीच्या पानांच्या प्रती आणि लेखात नाव द्यायच्या संमतीचा कागद आहे. सही करायची की नाही, तू ठरव. माफ कर असं लिहून दोनदा खोडलं. ते मागायला तरी मी पूल ओलांडून यायला हवं. ये म्हणालीस तर येईन.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क मीच घालवला, म्हणून नुसती,
इरावती