वार पडेपर्यंत

आये, मला तुझी किळस यायची. आता माझंही वय झालं, लिहायला हरकत नाही. डोळखांबच्या आपल्या पाड्यावरची निम्मी पोरं तुझ्या हातावर जन्मली आणि त्याचा तुला कोण तोरा! मिश्रीचं बोट लुगड्याला पुसायचीस आणि तेच तान्ह्याच्या तोंडात घालून चिकटा काढायचीस. नाळ कापायला गवताचा विळा, वर गोवरीची राख. मी ठाण्याहून नर्सिंग शिकून आले तेव्हा हे बघवेना. हात तरी धू म्हटलं की हसायचीस. "तुजी नाळ बी याच विळ्यानं कापली गो. मेलीस काय?"

एकाहत्तरच्या लढाईनंतरचा पौष. दादाच्या बायकोचं पहिलं बाळंतपण, म्हणून मी रजा काढून आले होते. सकाळी मुलगा झाला, तुझाच नातू. एकदाच बारीक रडला. आपल्याकडची रीत अशी की वार, म्हणजे बाळामागून येणारा नाळेचा गोळा, पडल्याशिवाय नाळ कापायची नाही आणि मूल उचलायचंही नाही. तो सारवलेल्या गार जमिनीवर ओला, उघडा पडलेला, आणि तू वहिनीचं पोट चोळत बसलेली. मला शिकवलं होतं, आधी मूल कोरडं करा, गुंडाळा, श्वास बघा, रंग बघा. मी बघते आहे. ओठ निळे पडताहेत, बरगड्या आत ओढल्या जाताहेत. "आये, गार पडतंय ते." "वार पडू दे. तवर हात नाय लावायचा." वार पडायला तास गेला आणि दुपारपर्यंत मुलगाही गेला. "सटवीनं नेला," म्हणालीस. मग मात्र हात घासून धुतलेस आणि भाकरी खायला बसलीस.

मी घर डोक्यावर घेतलं. हिनंच मारलं पोराला, असं वहिनीच्या देखत म्हणाले. त्यानंतर वहिनी तुझ्या हातचं पाणी प्याली नाही. तिची पुढची दोन बाळंतपणं शहापूरच्या दवाखान्यात झाली. पाड्यावरच्या बायकांनीही तुला बोलावणं सोडलं. पुढे मी मुलींना नर्सिंग शिकवू लागले, तर दर वर्षी पहिल्या तासाला तुझीच गोष्ट. मुली शी शी करायच्या आणि मला बरं वाटायचं.

पण त्या सकाळी तू आणखी एक बोलली होतीस. वहिनी ग्लानीत होती. मी दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मान वर केलीस. "तुला येतंय ना? मग घे उचलून. मी नाय अडवत." माझ्या हातात धुतलेला पंचा तयार होता. समोर रक्त, शेण, पाणी आणि त्यात ते बरबटलेलं मूल. मला शिसारी आली आणि मी उंबऱ्यातच उभी राहिले. एवढ्या शिकलेल्या बाईला! मला माझीच घाण वाटते. तू हे मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाहीस, आणि हा कागद मीही कुणाला दाखवणार नाही. वहिनी अजून आहे, मुरबाडला लेकाकडे असते. परवा भेटायला गेले तर माझा हात धरून म्हणाली, "तू व्हतीस म्हणून माजी पुढची दोन जगली." मी हात सोडवून घेतला नाही.