कोपऱ्यावरचा ओटा

जुन्नर,
९ मे २००४

प्रिय भरत,

थोरल्यानं धाकट्याला पत्र लिहिताना सुरुवातीलाच 'अनेक आशीर्वाद' लिहायची आपल्याकडे रीत आहे. ते मी गाळलंय, विसरून नव्हे. का गाळलं ते पुढे येईलच. फोनच करणार होतो, पण गेल्या तीन वेळा माझा आवाज ऐकून तू फोन ठेवून दिलास, आणि आता मला वाटतं की बरंच केलंस. पत्र निदान घरात पडून राहतं. आज नाही वाचलंस तर चार दिवसांनी वाचशील. शाळेच्या ऑफिसातले चार ताव उचलून आणलेत आणि सकाळपासून लिहितोय. तुझी इंद्रायणीवहिनी दोनदा जेवायला बोलावून गेली. भूक नाही. गेले दोन महिने या आळीत बसून घास खाली उतरत नाही.

आधी बिल्डिंगचं सांगतो. आपल्या गोठ्याच्या जागेवर दोन स्लॅब पडलेत, तिसऱ्याच्या सळया वर काढून ठेवल्यात. आठ फ्लॅट होणार म्हणे. मंचरचा तो भगवंतशेठ, काल-परवापर्यंत कांदा-बटाट्याच्या आडतीवर ओरडत होता, आज पांढरे बूट घालून आळीत येतो आणि रुमालानं नाक झाकतो. घाण त्यानंच केलेली. सिमेंटचा राडा गटारात सोडला, गटार तुंबलं, आणि सगळ्या आळीचं सांडपाणी उलटं फिरून आपल्या उंबऱ्यापर्यंत येतं. गुटख्याच्या पिचकाऱ्या आपल्या भिंतीवर. गच्चीवरून चुन्याचं पाणी खाली, वाळत घातलेल्या कुरडयांवर. शेजारी सोपानच्या घरात भर दुपारी ट्यूब लावावी लागते. एका इंची पाइपावर आधीच अकरा घरं होती, त्यात हे आठ संसार पाणी कुठून पिणार, असं विचारलं तर शेठ हसून म्हणतो, मोटर लावू की राव. म्हणजे तो ओढणार आणि आम्ही कोरड्या नळाला तोंड लावून बसणार. आग लागली तर बंब पेठेतच उभा राहील. 

पण या सगळ्यापेक्षा वाईट गोष्ट त्या कोपऱ्याची आहे. तुला आळी सांगायला नको, पण तुझ्या डोळ्यांपुढची आळी आता राहिलेली नाही. पेठेतून आत आलं की सरळ येऊन ती आपल्या घराला वळसा घालते आणि पुढे पाच घरांवर संपते. वळणाच्या आतल्या अंगाला आपलं घर, बाहेरच्या अंगाला गोठ्याची मोकळी जागा. आपल्या दारातून किंवा आतल्या घरांतून कुणाचीही तिरडी निघाली की ती त्या मोकळ्या जागेतूनच वळायची. दुसरीकडे विसावा नदीच्या वाटेवर असतो, आपल्या आळीचा कोपऱ्यावरच, शेवग्याखालच्या त्या चपट्या दगडापाशी. तिरडी खाली ठेवायची, पुढचे खांदेकरी मागे, मागचे पुढे, मग कुकडी नदीची वाट. आपल्या वडिलांना, दादांना, तिथूनच नेलं. तेव्हा तू मागच्या अंगाला रडत होतास आणि गेणभाऊंनी तुला दटावलं होतं, बांबू तिरका करू नकोस म्हणून. वाटणीत घर मला आलं आणि गोठ्याची जागा तुला. तुझी चिंचवडची नोकरी, शौर्य लहान, तुला जागा विकावी लागली. त्याला माझी ना नव्हती. आज हे पहिल्यांदाच लिहितोय, नीट वाच: माझी ना नव्हती.

आळीला मात्र मी वेगळं सांगितलं. कुणी विचारलं की मान हलवायची, सुस्कारा टाकायचा, आणि म्हणायचं, काय करणार, धाकटा आहे, त्यानं परस्पर व्यवहार केला, कोपऱ्याचाही विचार केला नाही. एवढं पुरे होतं. आळीनं तुझ्या नावानं बोटं मोडली. आईनं तर अंथरूणच धरलं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती ओट्यावर ऊन खात मेथी निवडायची, ती खाटेवर गेली ती गेलीच. गेल्या दिवाळीत तू आरतीला आणि शौर्यला घेऊन आलास. पाया खोदून झाला होता. फराळाचं ताट पुढ्यात असताना आई सगळ्यांदेखत तुला म्हणाली, "माज्या म्होरं मडकं धरायचं न्हाई तू. धाकटा असलास तरी न्हाई. गोरख धरील." आईला अग्नी धाकट्यानं द्यायचा, मडकं धरून पुढे चालायचं ते त्यानंच. हा तुझा हक्क, तो तिनं चिवड्याच्या ताटावर काढून घेतला. तू माझ्याकडे पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. मी पेपरातून डोकं वर काढलं नाही. मग तू चप्पल घातलीस. आरती बिचारी उष्ट्या हातानं तुझ्यामागून गेली.

त्यानंतरची गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. होळीच्या आधी कुशाबा गेले, शेवटच्या घरातले. तोवर बिल्डिंगचा जोता थेट आळीच्या कडेपर्यंत आला होता, शेवगा गेला होता, विसाव्याचा दगड पायात भरला गेला होता. तिरडी बांधली, उचलली, आणि कोपऱ्यावर येऊन अडकली. चौघं खांदेकरी, चारी अंगांना माणसं, वळायला जागाच नाही. पुढचे म्हणतात मागे घ्या, मागचे म्हणतात पुढे व्हा. शेवटी कुणीतरी म्हणालं, उभी करा. भरत, त्यांनी कुशाबांना उभं केलं. दोऱ्या आवळल्या, डोक्याकडची बाजू वर घेतली आणि नव्या घरात गोदरेजचं कपाट नेतात तसं फिरवत फिरवत, भिंतीला घासत, कोपरा पार केला. मान एका बाजूला लटकली. गुलाल आणि फुलं गटारात पडली. त्यांची सून भागू तोंडात पदर कोंबून उभी होती. वर स्लॅबवरचे मजूर वाकून बघत होते. आणि आपल्या दारातून, खाटेवरून, आईनं हे सगळं पाहिलं. त्या दिवसापासून ती रोज एकच बोलते: "मला उबं न्हेऊ नका रं. काय बी करा, पन मला आडवं न्ह्या." सकाळी चहा दिला की हे, संध्याकाळी दिवा लावला की हे. डॉक्टरांनी आता पावसाळा निघेल असं सांगता येत नाही म्हटलंय. तिला औषध नको, पथ्य नको. फक्त कोपऱ्यावरून आडवं जायचंय.

कुशाबांचं तेरावं झालं आणि आळी पेटली. नगरपालिकेत अर्ज द्यायचं ठरलं. हेडक्लार्क म्हणून लिहायला मलाच बसवलं. बांधकाम थांबवावे, कोपरा मोकळा करावा, उजेड, पाणी, बंब, सगळं मी झकास अक्षरात लिहिलं. मग गेणभाऊ म्हणाले, "खाली लिव्हा, मोजणी व्हावी. एकदा टेप लागू द्या, शेठ हाय आन आमी हाय." माझं पेन थांबलं. सगळे बघत होते म्हणून लिहिलं. एकवीस सह्या झाल्या.

मोजणीवाले आले एप्रिलात. सगळी आळी टेपमागे वरातीसारखी निघाली. शेठ कोपऱ्यात शांतपणे दात कोरत उभा. टेप लागला, नकाशा उलगडला, आणि मोजणीवाला म्हणाला, यांचा जोता यांच्याच हद्दीत आहे, बोटभरही बाहेर नाही. आळी नकाशात आठ फूट आहे, जाग्यावर साडेचार. मधले साडेतीन कुठे गेले ते तुम्हीच बघा. बघायला लांब जावं लागलं नाही. गेणभाऊंची मोरी आळीत. सोपानचा जिना आळीत. कुशाबांची पडवी आळीत, ज्यांना उभं न्यावं लागलं त्यांचीच. आणि कोपऱ्यावर, वळणाला मिठी मारून बसलेला, शहाबादी फरशीचा, सगळ्यात रुंद, माझा ओटा. सन त्र्याण्णवचा, हेडक्लार्क झालो त्या वर्षीचा. समोर गोठ्याची जागा मोकळी होती तोवर तो कुणाला टोचला नव्हता. त्या दुपारी एक माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडे बघेना. चार दिवसांत अर्ज मागे घेतला, त्याच एकवीस सह्यांनी. मोरी वाचली, जिना वाचला, पडवी वाचली. संध्याकाळी पुन्हा सगळे माझ्याच ओट्यावर बसून शेठला शिव्या देत होते आणि तुलाही. किळस आली मला. आळीची आली आणि मग माझीही आली, आणि माझी काही जाईना.

कारण मला आणखी एक माहीत होतं, जे तुलाही माहीत नाही. जागा विकताना तू शेठला अट घातली होतीस, कोपऱ्यावर तिरडी वळेल एवढी जागा सोडायची, आणि किती सोडायची ते गोरखदादा जाग्यावर दाखवील. मला तू फोनवर तसं सांगितलंही होतंस. शेठनं फसवलं असं तू आजवर समजतोयस. त्यानं तुला नाही फसवलं. तो विचारायला आला होता. ओट्यावर बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "सोडतो की कोपरा, गोरखभाऊ. पन मग मोजणी आनावी लागंल, आन टेप तुमच्या ओट्यावरनं जाईल. बगा राव, तुमीच सांगा." मी कागद मागितला. 'जोता हद्दीपर्यंत घेण्यास माझी हरकत नाही, कोपरा सोडण्याची गरज नाही.' खाली सही, माझी, त्याच झकास अक्षरात. संध्याकाळी चार माणसं येऊन टेकतात आणि 'ओटेवाले' म्हणतात, तेवढ्यासाठी मी हे केलं. आईला काही बोललो नाही. दिवाळीत तू माझ्याकडे बघत होतास ते मी अटीचं बोलावं म्हणून, हे मला कळत होतं. मी पेपरातली राशिभविष्यं वाचत होतो.

काल सकाळी मी कुणाला न विचारता पहार घेतली आणि ओटा फोडायला लागलो. आळी जमली. गेणभाऊ म्हणाले, "उनात डोकं फिरलं काय तुमचं?" मी हात न थांबवता सगळ्यांना सांगितलं, सहीचं, अटीचं, तुझं. मग घामानं भिजलेला तसाच आत जाऊन आईला सांगितलं. काहीही वगळलं नाही. तिनं भिंतीकडे तोंड केलं. दुपारी तशीच पडून होती. तोवर सोपान मुकाट्यानं हाताखाली आला, फरशा निघाल्या, साडेतीन फूट मोकळे झाले. संध्याकाळी आम्ही चौघांनी सोपानची बांबूची शिडी खांद्यावर घेतली, तिरडीएवढीच लांब, आणि कोपऱ्यावरून नेली. अडखळली, पण वळली, आडवीच. आत आलो तेव्हा आई दाराकडे बघत होती. म्हणाली, "वळली का?" मी हो म्हटलं. मग म्हणाली, "धाकट्याला बोलीव. मडकं त्येचंच हाय." मी विचारलं, आणि मी? ती म्हणाली, "तू खांदा दिऊ नगंस. तू कोपऱ्यावर उबा ऱ्हा आन शिडीवानी वळतीया का बग." हे तुला कळवायला पत्र लिहिलं. तिनं आज पेज घेतली, दर एस.टी.च्या हॉर्नला दाराकडे बघते. ती जागी आहे तोवर ये. माझ्याशी बोलू नकोस, चालेल. पेठेतून आत आलास की कोपऱ्यावर तुला कुठे वाकावं लागणार नाही.

आशीर्वाद द्यायचं तोंड नसलेला, तरी तुझाच,
गोरख